पीण्यातले रातकिडे

या ब्लॉगवर आतापर्यंत बर्फ, चौक्या, खेचरं आणि जळके पराठे बरेच येऊन गेले. या वेळचं पोस्टिंग त्या मानाने अगदीच सपक. बंगळूर, आणि काम तपासणीचं. खासगी कारखान्यांत सैन्यासाठी जे सुटे भाग बनतात ते ड्रॉइंगप्रमाणे आहेत की नाहीत, हे बघायचं. तोफखान्याच्या माणसाला व्हर्नियर कॅलिपर हातात घेऊन फिरायला लावलं की तो जसा दिसेल, तसा मी सध्या दिसतो.

पुण्याहून हायवेने बंगळूरला आलात तर शहर नीट सुरू व्हायच्या आत तुमकूर रोडचा लांबलचक उड्डाणपूल लागतो. तिथे पत्र्याच्या छपरांचं जे रान पसरलेलं दिसतं, ते पीण्या औद्योगिक क्षेत्र. मोठे कारखाने आहेतच, पण पीण्याचा जीव आहे तो चार-सहा मशिनच्या छोट्या शॉपमध्ये. एका गल्लीत लेथ, पुढच्या गल्लीत प्लेटिंग, त्याच्या पलीकडे पावडर कोटिंग. सकाळपासून रात्रीपर्यंत ठणठण, घरघर आणि कुलंटचा वास. इथे रातकिड्यांवर लेख लिहावा लागेल असं मलाही वाटलं नव्हतं.

जूनमधली गोष्ट. एका प्रेस शॉपमध्ये एक लॉट अडकला होता, त्यामुळे रात्रीचे नऊ वाजले तरी मी तिथेच. अचानक वीज गेली. प्रेस थांबले, कॉम्प्रेसर सुस्कारा टाकून बंद पडला आणि पीण्यात मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. गेटवर एक वॉचमन असतो, मराठा लाइट इन्फंट्रीचा निवृत्त हवालदार, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला. शॉपमधली कन्नड, तमिळ, बिहारी सगळी पोरं त्याला ‘मामा’ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आम्ही दोघं बाहेर गटाराच्या कठड्याशी उभे राहिलो. नुकताच पाऊस पडून गेला होता.

मामा म्हणाला, “काय ओरडायलेत बघा साहेब रातकिडे. गावाकडची आठवण झाली.”

“हो ना,” मी म्हणालो. मलाही ऐकू येत होती. एकसुरी, बारीक किर्रर्र.

मामाला काय वाटलं कोण जाणे, त्याने बुटाची टाच जमिनीवर जोरात आपटली. “बघा, कसे गप झाले!”

माझी किर्रर्र चालूच होती.

मी काही बोललो नाही. मामाने दुसऱ्यांदा टाच आपटली, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तो बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार? “साहेब, तोफखान्यात होता न्हवं?” एवढंच म्हणाला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सैन्यात माणसाची वैद्यकीय प्रतवारी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांवर होते, त्यातलं दुसरं अक्षर एच, म्हणजे श्रवण. माझ्या एचपुढे एकाऐवजी दोन आकडा आहे. ऑडिओमेट्रीच्या कागदावर माझी रेघ बरी चाललेली असते आणि 4000 हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. आवाजाने कान गेले की बहुधा इथेच जातात. तोफवाला असो की प्रेसवरचा कामगार, खड्डा त्याच जागी. आणि जिथे खड्डा पडतो तिथे पुष्कळदा मेंदू स्वतःचाच एक आवाज भरून ठेवतो. तो माझा खासगी रातकिडा. चोवीस तास ड्यूटी, रजा नाही.

योगायोग असा की आपल्याकडचे नेहमीचे जमिनीवरचे रातकिडे साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातच गातात. म्हणजे देवाने माझ्याकडून नेमका तोच सूर काढून घेतला आणि त्याची नक्कल हातात ठेवली.

त्या रात्रीनंतर मी रातकिड्यांच्या मागेच लागलो. बंगळूर त्यासाठी उत्तम जागा निघाली. पीण्याहून शहरात शिरलं की यशवंतपूरच्या पुढे भारतीय विज्ञान संस्था, म्हणजे 1909 साली टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली ती प्रसिद्ध संस्था. तिथल्या प्राध्यापक रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रातकिडे आणि त्यांच्या भाऊबंदांच्या आवाजावर वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. त्यांचे शोधनिबंध मी मेसमध्ये बसून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले.

आधी मूळ यंत्रणा. रातकिडा तोंडाने ओरडत नाही. एका पंखाच्या खालच्या बाजूला कानशीसारखी दातेरी शीर असते, दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासली जाते. गातो तो नर. मादी ऐकते आणि चालत येते. आणि कान? कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या थोडे खाली. हे वाचलं आणि खडकवासल्याचा ड्रिल उस्ताद आठवला. ‘दाहिने मुड़’ला डावीकडे वळलो की तो ओरडायचा, “कान घुटने में हैं क्या?” उस्तादजी, शास्त्रीयदृष्ट्या अगदी चुकीचं नव्हतं ते.

दोन्ही पायांतले कान शरीराच्या आतून हवेच्या नळ्यांनी जोडलेले असतात. आवाज पडद्यावर बाहेरूनही पोचतो आणि आतूनही, आणि त्या दोन्हींच्या मेळातून मादीला दिशा कळते. एवढ्याशा अंगात दोन कानांमधलं अंतर ते किती, तरी ती अंधारात गवतातून बरोबर त्याच्याकडे पोचते. ती आवाजावरच येते, वासावर किंवा नजरेवर नाही, हे 1913 मध्ये योहान रेगेन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं. त्याने नराचं गाणं टेलिफोनवरून ऐकवलं आणि मादी चालत थेट रिसीव्हरपाशी आली. फील्ड टेलिफोनची हँडल फिरवून जन्म घालवलेल्या आमच्या ओपीवाल्यांना हा प्रयोग फार आवडेल.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रातकिड्याचं गाणं त्याच्या स्वतःच्या कानाशी किती मोठं असेल? जवळपास शंभर डेसिबल. मग तो बहिरा का होत नाही? केंब्रिजमधल्या जेम्स पुले आणि बर्थोल्ड हेडविग यांनी 2006 मध्ये त्यामागची एक मज्जापेशीच दाखवून दिली. पंख मिटून आवाज निघणार त्याच क्षणी ही पेशी श्रवणाच्या पेशींना निरोप देते: आता येतोय तो आपलाच आवाज, तेवढं गप बसा. चिर्र संपली की कान पुन्हा उघडे. म्हणजे हा प्राणी गातही राहतो आणि दोन चिर्रींच्या मधल्या फटीत जगाचं ऐकतही राहतो.

आम्ही ‘फायर’ स्वतःच ओरडायचो, म्हणजे आवाज कधी येणार हे माणसालाही ठाऊकच असतं. माणसाच्या कानात आवाज दाबणारे बारीक स्नायूही आहेत, पण तोफेच्या धमाक्यापुढे ते उशिरा पोचतात. देवळालीला तरुणपणी इअर प्लग खिशात ठेवण्याची फॅशन होती. कानात घालणारा नाजूक समजला जायचा. यात कुणाचा दोष नाही; प्लग मिळाले होते, मीच घातले नाहीत.

आता जे सांगायचं आहे ते आजवर टाळलं.

राष्ट्रीय रायफल्सच्या टेन्युअरमध्ये मी मेजर होतो, कुपवाड्याकडे. सप्टेंबरचा महिना, मक्याच्या शेतांच्या कडेने नाला, नाल्याशी आमची अँबुश. माझ्या उजव्या हाताला साताऱ्याकडचा एक नाईक, रेडिओ ऑपरेटर. पहाटे दोनच्या सुमाराला त्याने माझ्या मांडीवर दोनदा बोट दाबलं. मी कान टवकारले; मला काही वेगळं वाटलं नाही. रातकिड्यांची किर्रर्र होती तशीच. त्याने कानाशी येऊन श्वासाएवढ्या आवाजात सांगितलं, “सर, उजवीकडचे गप झालेत.” थोड्या वेळाने, “आता समोरचे.”

रातकिड्याच्या शेपटाकडे दोन लांब काटे असतात, त्यांवर हवेची झुळूकही टिपणारे केस. पायांत जमिनीची थरथर ओळखणारं इंद्रिय निराळं. माणूस चालत आला की तो जिथून जातो तिथली शांतता त्याच्याबरोबर सरकते. नाईक ती सरकती शांतता ऐकत होता. मी माझ्या डोक्यातला आवाज ऐकत होतो.

त्याच्यामुळे आम्हाला दोनेक मिनिटं मिळाली. सगळे सावध झाले, श्वास जागेवर आले. आकृती मक्यातून बाहेर आली तेव्हा कोणी दचकलं नाही, म्हणून कोणी ट्रिगर ओढला नाही, म्हणून तिच्या हातातलं दावं आम्हाला दिसलं. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, हरवलेली गाय शोधत आला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नाईकाची पाठ थोपटली, मीही थोपटली. मला ऐकू आलं नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. त्याला कळलं असणार. तोही बोलला नाही. त्यानंतर काही वर्षं मी मेडिकलला जाताना टोन कधी येतो याचा अंदाज बांधून बटण दाबायला शिकलो होतो. कमांडची स्वप्नं होती. शेवटी एका डॉक्टर बाईंनी टोनच्या मधलं अंतर मुद्दाम बदलत ठेवलं आणि मी पकडला गेलो. बरं झालं असं आज लिहितो. त्या दिवशी वाटलं नव्हतं.

बालकृष्णन यांच्या गटाचा 2015 चा एक निबंध वाचताना तो मक्याचा प्रसंग पुन्हा समोर आला. नाकतोड्यांच्या नात्यातले गाणारे किडे आणि त्यांना खाणारी वटवाघळं यांचा तो अभ्यास आहे. कोणालाही वाटेल की गाऊन आपली जागा उघड करणारा नर जास्त मरत असेल. निघालं उलटंच. मुकाट्याने उडत फिरणाऱ्या माद्याच जास्त शिकार होतात. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “त्यात काय नवीन? हललं की मेलं. आमच्या उस्तादांनी बेळगावात हेच शिकवलं.”

मामाला सगळ्यात आवडला तो झाडावरचा रातकिडा, इकॅन्थस हेन्राय. हिरवट, नाजूक, बंगळूरच्या उत्तरेला चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या झुडपांवर याचा अभ्यास झाला. मुख्य नाव नताशा म्हात्रे यांचं. पंख हलले की पुढची हवा दाबली जाते तेव्हाच मागची ओढली जाते. छोट्या पंखाच्या कडेवरून दोन्ही लाटा एकमेकींना मिळतात आणि आवाज मरतो. म्हणून स्पीकरला खोकं लागतं. याच्याकडे खोकं नाही, तर हा पानाला मधोमध भोक कुरतडतो, त्यात बसून पंख पानाला लावून गातो. पान झालं खोकं. दक्षिण आफ्रिकेतल्या याच्या एका भावाची ही युक्ती 1975 मध्येच नोंदली गेली होती. 2017 च्या निबंधात दिसलं की आपला किडा मोठं पान निवडतो आणि भोक योग्य मापाचं, योग्य जागी पाडतो. चुका करत शिकत बसत नाही. आणि पुढच्या अभ्यासात कळलं की ही उठाठेव जास्त करून लहान चणीचे, दबक्या आवाजाचे नर करतात. पानात बसले की तेही दणकट नरांच्या तोडीचे ऐकू येतात.

“म्हणजे शीट मेटलचं काम,” मामा म्हणाला. “भोक कुठं पाडायचं ते त्याला ड्रॉइंगशिवाय कळतं. आमच्या पोरांना दाखवा.”

पोरांसाठी मी इअर प्लगचं खोकं नेऊन ठेवलंय. प्रेसवरचा मुख्य कारागीर ते घालत नाही. त्याचंही म्हणणं खोटं नाही: डायची धार गेली की प्रेसचा आवाज बदलतो, तो त्याला आधी कानाने कळतो, मग माझ्या कॅलिपरला. मी त्याला माझा ऑडिओमेट्रीचा कागद दाखवला. त्याने नीट पाहिला, “सर, मशिन बंद झाल्यावर मलाही ते ऐकू येतं” म्हणाला आणि पुढचा पत्रा आत सरकवला. हल्ली एका कानात घालतो. कोणता कान वाचवायचा हे कसं ठरवलं, ते मी विचारलेलं नाही.

परवा फोनवर एक ॲप घेतलं. आवाज आला की पडद्यावर त्याची उंची रेघेने दिसते. रविवारी शॉप बंद होतं, संध्याकाळी मुद्दाम गेलो. फोन गटाराच्या कठड्यावर ठेवला. पाच हजारांच्या जरा खाली तुटक तुटक, जवळजवळ समान अंतरावर, ठिपक्यांची ओळ उमटायला लागली. मामाने टाच आपटली. ओळ थांबली. आम्ही दोघं गप उभे राहिलो. मिनिटभराने एक ठिपका, मग दोन, मग पुन्हा सगळी ओळ. पंधरा वर्षांनंतर मी रातकिडा गप होताना आणि पुन्हा सुरू होताना पाहिला. ऐकला नाही, पाहिला.

मामाने फोन उचलला, माझ्या डाव्या कानाशी धरला आणि चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे निरखून पाहिलं.

“तुमचा काय यात दिसत नाही, साहेब.”

मग गेटवर हॉर्न वाजला. एमएच 09, कोल्हापूरची गाडी, कास्टिंग घेऊन आली होती. मामा रजिस्टर उघडून नंबर लिहायला गेला.