मामूंच्या बनियनवरचा डाग

डाग आधी मामींना दिसला. अवसरी खुर्दला मामूंच्या घरी कपडे अजून हातानेच धुतात. बनियन चोळताना डाव्या बाजूला हरभऱ्याएवढा तांबूस डाग. दोन दिवसांनी दुसऱ्या बनियनवर, तिथेच. मामू म्हणाले, "बटाट्याची गोणी घासली असेल." वय 63, पण मंचरच्या बाजारात माल नेताना गोणीला खांदा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मामींना पटलं.

पुढचे सात महिने ते पटतच राहिलं. बोंडाखाली गाठ होती, पण दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी आमच्याकडे कुणी डॉक्टरकडे जात नाही. शिवाय दाखवायचं तरी काय म्हणून? आपल्या बोलण्यात पुरुषाला छाती असते, स्तन बाईला. शरीर हा भेद इतका मानत नाही. पुरुषातही स्तनाच्या नलिका थोड्याफार असतात. वयात येताना त्या बाईसारख्या वाढत नाहीत, एवढंच. स्तनाचा कॅन्सर झालेल्या साधारण शंभर जणांत एक पुरुष असतो. बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, खाली कडक गाठ लागणं ही त्याची लक्षणं. मामूंना तिन्ही होती.

2019 मध्ये गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी आपल्याला हाच आजार झाल्याचं जाहीर केलं. त्यांनाही आधी शर्टावर रक्ताचे ठिपके दिसले होते. याला छातीचा कॅन्सर म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. मी हे मामूंना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अमेरिकेतही लाजतात."

पुण्याच्या एका इस्पितळात मॅमोग्राफीच्या रांगेत सगळ्या बायका. खिडकीवरच्या माणसाने कागद पाहिला आणि मामींना म्हणाला, "चला, आत या." पेशंट हे आहेत म्हटल्यावर दोन-तीन माना वळल्या. मामू उठून दाराकडे निघालेच होते. मी त्यांचा हात धरला. त्या वयाच्या माणसाचा हात असा धरावा लागणं मला अजून आठवतं.

ऑपरेशन झालं, डावी बाजू सपाट झाली. पुरुषांचे हे कॅन्सर बहुतेक इस्ट्रोजेनवर वाढणारे असतात, म्हणून टॅमोक्सिफेनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी मामूंना मध्येच घाम फुटतो, अंगातून वाफा निघतात. मामी म्हणतात, "माझी पाळी गेली तेव्हा पंखा लावला की ओरडायचात, आठवतं का?"

खरी गोष्ट डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला झालं होतं का, हे विचारलं तेव्हा सुरू झाली. अम्मीला झालं होतं. अम्मी मामूंची थोरली बहीण, 49व्या वर्षी गेली. तिच्यानंतर मी बहिणीला दर वर्षी तपासणीला नेतो. स्वतःला नेण्याचं कधी मनातही आलं नाही. मामूंच्या रक्ताच्या तपासणीत बीआरसीए 2 या जनुकातला दोष निघाला. तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, मुलीला मिळतो तसा मुलालाही, प्रत्येक वेळी निम्मी शक्यता. पुरुषात तो असला तर शंभरात सहा-आठ जणांना स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, प्रोस्टेटचा धोकाही वाढतो. बाईचा धोका त्याहून कितीतरी मोठा. मामूंना तीन मुली आहेत. मला दोन.

धाकटीचा रिश्ता तेव्हा जवळजवळ ठरला होता. आमच्या नात्यातल्या शहाण्यांनी सल्ला दिला की निकाहपर्यंत तोंड बंद ठेवा, तपासणी नंतर करा. मला ते ऐकून राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडंसं पटलंही. मुलीच्या नावामागे एकदा असली चिठ्ठी लागली की ती निघत नाही, हे आपण सगळे जाणतो. मामूंनी आठवडाभर विचार केला. मग स्वतः मुलाच्या घरी गेले, चहा घेतला आणि सगळं सांगितलं. बनियनच्या डागापासून.

तिकडून अजून फोन आलेला नाही. तिन्ही मुलींचे रिपोर्ट आलेत, मधलीत दोष आहे, धाकटीत नाही. मुलाकडच्यांना हे कळवायचं का, असं मामी विचारत होत्या. मामू नको म्हणाले.

माझं रक्त परवा दिलं.