बसवनगुडी आणि एक जर्मन कोशकार

वाचकहो, बंगळूरच्या बसवनगुडीत गेलात, तर नावावरून गुढीपाडवा आठवू नका. कन्नडमध्ये ‘गुडी’ म्हणजे देऊळ, ‘बसव’ म्हणजे वृषभ. आतला अखंड पाषाणाचा प्रचंड नंदी ते सांगतोच. कार्तिकात येथे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते.

अशा कन्नड शब्दांचे भांडार एका जर्मन पाद्र्याने रचले. फर्डिनांड किटेल १८५३ साली धर्मप्रसारार्थ भारतात आले आणि भाषेतच रमले. प्रवचने करावीत की शब्द वेचावेत, ही ओढाताण त्यांना चुकली नाही. सुमारे ७०,००० शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूरला छापून निघाला, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. आपल्याला मोल्सवर्थ लाभले, तसे कन्नडला किटेल! १९०३ मध्ये ते जर्मनीत वारले. त्याच वर्षी त्यांचे कन्नड व्याकरण प्रसिद्ध झाले.