छपरावरचा वेल

पालघर आणि बोईसर या दोन स्टेशनांच्या मध्ये उमरोळी हे लहानसे स्टेशन आहे. तेथून चालत अर्ध्या तासावर आमचे गाव. माझे बालपण तेथेच गेले.

आमचे घर कौलारू होते. स्वयंपाकघराला लागून पडवी होती आणि पडवीच्या छपरावर दरवर्षी दुधीचा वेल चढत असे. तो वेल दादीचा. मृगाचा पहिला पाऊस पडला, की दादी फडताळातून एक जुना डबा काढी. त्यात राखेत ठेवलेल्या बिया असत. पडवीच्या खांबाशी आळे करून, बिस्मिल्लाह म्हणून ती दोन-तीन बिया लावी. पाहता पाहता वेल खांबावरून छपरावर पोचे. मग सारे छप्पर हिरवेगार होई आणि संध्याकाळी त्यावर पांढरी फुले उमलत. रस्त्याने जाणाऱ्याला आमचे घर चटकन दिसतच नसे.

मी सातवीत असताना वर्गातले दोन मित्र घरी यायला निघाले. घराच्या समोरूनच ते परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितले, "याचे घर कुठे आहे? तिथे तर नुसती झाडी आहे!" सगळे हसले. मला फार लाज वाटली.

हे 2001 सालचे. अब्बा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करीत. त्या वर्षी छपराची बरीच कौले फुटली होती. मी हट्ट धरला, "अब्बा, आता सिमेंटचे पत्रे घाला." पत्र्याचे छप्पर झटपट होते, कौलासारखे दरवर्षी शाकारावे लागत नाही. अब्बांना ते पटले. दादीने एवढेच विचारले, "आणि माझा वेल?"

मी म्हणालो, "दादी, दुधी बाजारात मिळतो की!"

दादी काही बोलली नाही. पावसाआधी पत्रे बसले. त्या वर्षी तिने डबा उघडला नाही.

पहिल्याच पावसात पत्र्यावर असा आवाज होऊ लागला, की रात्री दादीची गोष्ट ऐकू येईना. पुढच्या एप्रिलमध्ये तर दुपारी घरात बसवेना. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जात असे. पत्र्याला तशा फटी नव्हत्या. तापलेला पत्रा आपली उष्णता खाली घरात सोडी. दादीने आपली चारपाई आंब्याखाली नेली. तिने मला बोल लावला नाही, पण तिची ती चारपाई पाहिली, की मला माझे वाक्य आठवे.

शेवटी मीच म्हणालो, "दादी, वेल लावूया." ती म्हणाली, "पत्रा तापतो. कोवळे शेंडे भाजतील. आधी मांडव कर." मी शिडीवर उभा राहून पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून बांबू बांधले आणि त्यांवर सुंभाची जाळी विणली. या वेळी दादीने पावसाची वाट पाहिली नाही. फेब्रुवारीतच बी लावले आणि भांडी विसळलेले पाणी रोज आळ्यात घातले. एप्रिल संपता संपता पत्र्यावर सावली पसरली. एका दुपारी दादीची चारपाई पुन्हा घरात आली.

पुढे मी बी.एड. करून शिक्षक झालो. 2023 च्या जानेवारीत आठवीच्या मुलांची सहल घेऊन मी मुंबईला गेलो. मलबार हिलवर आम्ही म्हातारीचा बूट पाहिला आणि समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये गेलो. फिरोजशहा मेहता उद्यान हे त्याचे दुसरे नाव. हिरवळीवर डबे उघडल्यावर मी मुलांना म्हणालो, "आपण आता एका छतावर बसलो आहोत!"

मुले इकडेतिकडे पाहू लागली. मग मी सांगितले, की या हिरवळीखाली मुंबईला पाणी पुरवणारा मोठा जलाशय आहे. 1880 च्या दशकात त्याच्या छतावरच ही बाग केली. टेकडीशी ती इतकी एकरूप झाली आहे, की खाली बांधकाम आहे हे सांगावे लागते. आइसलंडसारख्या थंड देशातही लोक शेकडो वर्षे घरांवर गवताचे जाड थर रचत आले. दूरून ती घरे लहान टेकड्यांसारखी वाटत. आपल्या डहाणू-जव्हारकडचे वारली घरही असेच. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यांवर शेणमातीचे लिंपण, वर गवताचे छप्पर. सारे त्याच रानातले, म्हणून ते रानापासून वेगळे दिसत नाही.

एका मुलीने विचारले, "सर, आपल्या वर्गाच्या पत्र्यावरही माती टाकून गवत लावूया का?"

मी म्हणालो, "नाही बेटा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर दहा सेंटिमीटर ओली माती पसरली, तर तिचे वजन दीडशे किलोंहून अधिक भरते. त्यासाठी मजबूत स्लॅब हवा. स्लॅबमध्ये पाणी मुरू नये म्हणून वर थर द्यावा लागतो आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी वाटही ठेवावी लागते. पत्रा तर कोसळेलच."

ती हिरमुसली. तेव्हा मला दादीचा वेल आठवला आणि त्यातले शहाणपण प्रथमच उमगले. वेलाची माती जमिनीवरच राहते. छपरावर जातो तो फक्त पानांचा भार. पाने ऊन अडवतात, त्यांच्यातून पाण्याची वाफ होताना गारवा येतो आणि पाने व पत्रा यांच्यामधून वारा खेळतो. माझी दादी शाळेत गेली नव्हती, पण हे तिला ठाऊक होते.

दादी आता या जगात नाही. तिचा डबा अम्मीने जपून ठेवला आहे. दरवर्षी त्यात नव्या बिया पडतात. त्यांतल्या काही मी शाळेत नेल्या. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. मोठ्यांनी बांबू बांधले, मुलांनी जाळी विणली आणि पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्या. हात धुतल्याचे पाणी आळ्यात जाऊ लागले.

एप्रिलमध्ये एक पालक शाळा शोधत आले. त्यांनी फाटकापाशी एका मुलाला विचारले, "आठवीचा वर्ग कुठे आहे? दिसत नाही."

त्या मुलाने मान ताठ करून बोट दाखवले, "तो काय, त्या वेलाखाली! तो वेल आम्हीच लावला आहे."

माझ्या सातवीतल्या त्या दिवशी मला हे उत्तर सुचले असते, तर किती बरे झाले असते!