सतरावा रकाना

महाराष्ट्रात शवविच्छेदन अहवालाचा जो छापील नमुना वापरतात, त्यातला सतरावा रकाना शरीरावरच्या बाहेरच्या जखमांचा. पोलीस कोठडीतल्या मृत्यूची फाइल हाती आली की मी आधी तो रकाना वाचते. जखम कुठे आहे, किती सेंटिमीटर लांब, किती रुंद, रंग कोणता. मुका मार आधी लालसर दिसतो, मग निळा-काळा पडतो, पुढे हिरवट आणि शेवटी पिवळसर. रंगावरून नेमका तास कोणी सांगू शकत नाही, प्रामाणिक डॉक्टर तसे सांगतही नाही. पण अटक मंगळवारी दुपारची, मृत्यू बुधवारी पहाटेचा आणि पाठीवरचे वळ हिरवट, असे असेल तर दोनच गोष्टी संभवतात. मार अटकेच्या आधीचा, किंवा माणूस ठाण्यात कागदावरच्या तारखेच्या आधीपासून होता. दोन्ही शक्यता लिहून ठेवायच्या आणि पुढचा कागद उघडायचा.

तळपायांचा उल्लेख आहे का, हेही बघते. तळव्यांवर मारलेले पुष्कळदा वरून दिसत नाही, चीर देऊन आत पाहावे लागते. संशयास्पद मृत्यूंच्या तपासासाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या मिनेसोटा प्रोटोकॉलमध्ये (१९९१, सुधारित २०१६) अशा बारकाव्यांची पद्धत दिलेली आहे. तालुक्याच्या रुग्णालयात दिवसाकाठी येणाऱ्या प्रेतांचा निकाल लावत बसलेल्या एकट्या डॉक्टरला ती माहीत असेलच असे नाही. त्याचा राग करण्यात अर्थ नाही. त्याला ती मराठीत, दोन पानांत, मिळाली पाहिजे.

*

तुम्ही नेमके काय करता, असे नात्यातली माणसे विचारतात. मी वेळा जुळवते. स्टेशन डायरीतली वेळ, अटकेच्या कागदावरची वेळ, वैद्यकीय तपासणीची वेळ, रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केल्याची वेळ, रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या वहीतली वेळ, मरणोत्तर पंचनाम्याची वेळ. सगळ्या एका मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी मांडल्या की फाइल बोलायला लागते. ठाण्यात लिहिणाऱ्याला रुग्णालयातल्या वहीत परिचारिकेने काय लिहिले ते ठाऊक नसते. एकीकडे ‘छातीत दुखू लागल्याने पाच वाजता तातडीने हलवले’ आणि दुसरीकडे ‘चार वाजून दहा मिनिटांनी मृतावस्थेत आणले’. ती रात्रपाळीची परिचारिका कोणाच्या बाजूची नव्हती, तिने घड्याळ बघून लिहिले. या कामात माझा सगळ्यात जास्त विश्वास अशा माणसांच्या नोंदींवर आहे.

*

नीलावती बेहेरा. ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातली आई. १ डिसेंबर १९८७ रोजी चोरीच्या तपासासाठी तिच्या बावीस वर्षांच्या मुलाला, सुमनला, जेराइकेला पोलीस चौकीत नेले. रात्री आठच्या सुमारास आई आणि आजी त्याला जेवण देऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेमार्गावर सापडले. पोलिसांचे म्हणणे असे की, पहाटे तीनच्या सुमारास बांधलेला दोर दातांनी कुरतडून तो पळाला आणि गाडीखाली सापडला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली.

१९९३च्या निकालात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक साधा प्रश्न. कैदी पळाला म्हणता, तर त्याला शोधायला कोण गेले? शोध घेतल्याचा विश्वास ठेवण्याजोगा पुरावाच नव्हता. जखमा मृत्यूपूर्वीच्या आणि लाठीच्या माराशी जुळणाऱ्या आहेत, हे डॉक्टरांनी सांगितलेच. पण जी धावपळ व्हायलाच हवी होती, तिचा कुठेही माग नसणे, यानेही पोलिसांची कहाणी तितकीच उघडी पडली. दीड लाख रुपये भरपाई मिळाली. शासनाने मूलभूत हक्क मोडला तर भरपाई ही शासनाची थेट जबाबदारी आहे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. नवीन मुले कामाला आली की मी त्यांना हा निकाल आधी वाचायला देते. फाइलमध्ये काय आहे ते कोणीही वाचतो, काय असायला हवे होते ते वाचायला शिकावे लागते.

*

सोलापूर जिल्ह्यातली एक पारधी वस्ती. पालाबाहेर बसून एका मावशींचा जबाब घेत होते. पोलीस नवऱ्याला घेऊन गेले त्या दिवसाची तारीख त्यांना सांगता येईना. घड्याळ घरात नाही. अशा वेळी ‘रात्रीचे नऊ वाजले असतील ना?’ असे कधीही विचारायचे नाही. समोरचा माणूस आपल्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणतो आणि जबाब तिथेच कामातून जातो. मी एवढेच विचारत राहिले, “मावशी, त्या वक्ताला आजूबाजूला काय चाललं होतं?”

“दिवं गेलं हुतं ताई. मुक्कामाची यष्टी आली हुती, डायवर वडाखाली जेवाय बसला हुता.”

“बाजार होऊन किती दिवस झाले होते?”

“बाजार त्याच दिशी. मिरच्या आणल्या हुत्या, त्या निवडत हुते.”

बाजाराचा वार ठरलेला. मुक्कामाच्या गाडीची वेळ एस.टी.च्या आगारात नोंदलेली. भारनियमनाचे वेळापत्रक वीज कंपनीकडे. तिन्ही एकत्र आल्यावर मावशींचा जबाब आठवड्याच्या एका रात्री, जवळपास अर्ध्या तासाच्या आत येऊन थांबला. पोलिसांच्या कागदावर अटक दुसऱ्या दिवशी दुपारची होती. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायचे, असे संविधानाचे बाविसावे कलम सांगते. ही मधली रात्र त्या चोवीस तासांत कुठेच धरलेली नव्हती.

१८७१पासूनच्या कायद्यांनी या माणसांच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो ठपका ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्यातून गेला. तरी परिसरात घरफोडी झाली की गाडी आधी वस्तीवर येते. मावशी ते इतक्या सवयीने सांगतात की ऐकणाऱ्याला लाज वाटते.

*

१९८६ साली पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी वर्तमानपत्रातल्या कोठडी मृत्यूंच्या बातम्या जोडून सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवले. त्यातून १८ डिसेंबर १९९६चा निकाल आला. अटक करताना पाळायच्या अकरा गोष्टी त्यात आहेत. अटकेची वेळ लिहिलेला कागद, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष, अटक झालेल्याची सही, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी.

फाइलमध्ये हा कागद बहुधा असतो. बघायचे असते ते साक्षीदार कोण. घरचे माणूस का नाही? आणि वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या गुन्ह्यांच्या फाइलींत तोच एक पंच, त्याच वळणाची सही करताना दिसला, तर त्याची वेगळी यादी ठेवायची.

*

रकाना रिकामा असण्याचा अर्थ फार जपून लावावा. गडचिरोलीतल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली (तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता) एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिचे नाव देशभर झाले आहे, मी इथे लिहीत नाही. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, अशी त्या निकालाची धाटणी होती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

रात्रीच्या वेळी, ठाण्याच्या आत, वर्दीतल्या दोन माणसांसमोर एकटी मुलगी. तिथे भीतीच पुरेशी असते, तिचा ओरखडा उठत नाही. या निकालाने मला अजून संताप येतो.

*

आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग कोठडी मृत्यू मोजतो, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगही मोजतो, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत पोलीस कोठडीचे मृत्यू रिमांड मिळालेले आणि न मिळालेले असे वेगळे असतात. आयोग स्वतःकडे आलेल्या कळवण्यांवर मोजतो. कोठडीत मृत्यू झाला की चोवीस तासांत कळवा, असे आयोगाने १९९३च्या डिसेंबरातच सांगून ठेवले आहे. दोन तक्ते एकमेकांवर ठेवून वर्तमानपत्रात बातमी करणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. ज्या राज्याचा आकडा मोठा, तिथले पोलीस सगळ्यात क्रूर, असेही सरळ म्हणता येत नाही. तिथे निदान नोंद होत असेल.

तुरुंगांचे चित्र त्या मानाने स्पष्ट आहे. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. दर चारांतल्या तिघांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा होता.

*

अहवालात कोणाचे नाव घालायचे नाही, हा विचार कोणाचे घालायचे यापेक्षा जास्त वेळ खातो. ठाण्यासमोर भाजीची गाडी लावणारा मृताचा भाऊ सगळे सांगायला तयार होता. रागात होता, फोटोलाही उभा राहिला असता. पण उद्याही त्याला गाडी तिथेच लावायची होती. त्याचा जबाब ठेवला, नाव, वय आणि धंदा काढला. आणि नंतर लक्षात आले की ‘सकाळी सहापासून ठाण्याचे दार दिसते’ या वाक्यावरूनही तो ओळखू येईल, तेही काढले. पुरावा थोडा हलका झाला. होऊ दे.

*

परभणी, डिसेंबर २०२४. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, बंद, धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला. आईने औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. जुलै २०२५मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करावी, ही तरतूद २००५च्या दुरुस्तीने आली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १९६व्या कलमात आहे. चौकशी होते, अहवाल तयार होतो. पुढे त्या अहवालाचे कोणी काय करायचे, हे कलम सांगत नाही. गुन्हा आपोआप दाखल होत नाही. जेराइकेल्याच्या आईने पत्र लिहिले आणि परभणीच्या प्रकरणात आईलाच खंडपीठाची पायरी चढावी लागली. एवढ्या वर्षांत हे ओझे आयांच्या खांद्यावरून उतरले नाही, याची जबाबदारी विधिमंडळाची आणि संसदेची आहे. यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. २०१० साली लोकसभेने एक विधेयक मंजूर केले, ते पुढे बारगळले. २०१७ साली विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली.

*

वि. म. तारकुंडे सासवडचे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. आणीबाणीत आंध्रमध्ये झालेल्या कथित चकमकींची चौकशी करणारी नागरिकांची समिती १९७७ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. सरकारी अधिकार नाही, समन्स काढता येत नाही, नुसते गावोगाव जाऊन विचारायचे आणि लिहायचे. सासवडच्या शाळेत मुलांना त्यांच्याबद्दल सांगायला हवे.

*

मानवी हक्क आयोगाला एक वर्षाहून जुन्या घटनेची चौकशी करता येत नाही. कायद्याच्या ३६व्या कलमात तशी मुदत आहे. घरचे लोक मात्र दहावे, तेरावे, उसनवारी, शेतीची कामे यांतून मोकळे होऊन आमच्याकडे येईपर्यंत महिने गेलेले असतात. म्हणून पहिल्याच भेटीत तीन अर्ज लिहून देते. पहिला सीसीटीव्हीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२०च्या निकालाप्रमाणे ठाण्यातले चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर, जपायचे असते. ते पुसू नका, असे लेखी कळवायचे. दुसरा माहिती अधिकाराचा. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावे लागते. मृत्यू झाल्यावर हे लागू होत नाही, असे उत्तर येते. पण त्याच गुन्ह्यात दुसरा कोणी अजून आत असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो, आणि बहुतेक वेळा कोणीतरी आत असतेच. तिसरा रुग्णालयाकडे, त्या रात्रीच्या वहीच्या पानाच्या प्रमाणित प्रतीसाठी. बरोबर भाऊ किंवा दीर आलेला असतो. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही, हे त्याला मी दोनदा सांगते.