रविवारचे लोअर परळ

१/ रविवारी लोअर परळ स्थानकात उतरणारी गर्दी कामावर निघालेली नसते. ती येते कॉफीसाठी, सिनेमासाठी, खरेदीसाठी. एका रविवारी त्या गर्दीत सावंतवाडीहून आलेली एक तरुणी होती. तिचे आजोबा याच परिसरातील एका गिरणीत बदली कामगार होते. त्यांची मुंबई एका दिवसात पाहावी, हा तिचा बेत.

२/ पहिला थांबा फिनिक्स. १९०५ साली स्थापन झालेल्या या कापडगिरणीच्या आवारात आज भव्य मॉल आहे. गिरणीचे जुने धुराडे मात्र उभे आहे. तिने त्याचे छायाचित्र टिपले आणि आजोबांना पाठवले.

३/ ज्या रविवारी ती हिंडत होती, त्या रविवारलाही इतिहास आहे. पूर्वी गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टीची शाश्वती नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी कामगारांच्या सभा घेतल्या, निवेदने दिली. अखेर १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

४/ दुपारी ती ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींकडे वळली. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतील एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आता काहींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. आजोबा अशाच एका खोलीत गाववाल्यांसोबत राहत. एक जण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपे.

५/ बदली कामगाराला रोजचे काम ठरलेले नसे. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर आत जायचे, नाहीतर परतायचे.

६/ १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार गावी परतले. आजोबा त्यांपैकीच एक.

७/ मग प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. इमारतींखालची जमीन वगळली गेली. शहराचा आणि घरांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

८/ संध्याकाळी आजोबांचा फोन आला. छायाचित्र त्यांनी पाहिले होते. मॉल, दुकाने, गर्दी यांविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. प्रश्न एकच होता : ‘‘गेटार तुका कोणी अडवूक नाय मां गो?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. दारात केवळ तिची पिशवी तपासली गेली होती.