प्रागच्या कळसूत्री बाहुल्या

परदेशी नगरीची आठवण म्हणून एखादी वस्तू विकत घेणे हा व्यवहार दिसतो तितका सोपा नाही. वस्तू हाती येते. परंतु ज्या परंपरेची साक्ष म्हणून आपण ती घरी आणतो, ती परंपरा तिच्यात असतेच असे नाही. वकिलाला साक्षीदार पारखण्याची सवय असते. प्रागच्या बाजारात ती माझ्या फार उपयोगी पडली.

व्लताव्हा नदीवरील चार्ल्स पुलाकडून जुन्या चौकाकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांत दुकानांच्या दारांशी बाहुल्या टांगलेल्या असतात. राजे आहेत, चेटकिणी आहेत, सैतान आहे आणि टोपीवाला विदूषक काश्पारेकही आहे. शेजारीच एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या रशियन बाहुल्याही मांडलेल्या दिसतात. या नगरीच्या परंपरेशी त्यांचे काही नाते नाही. ज्याला पारख नाही, त्याला सारे सारखेच.

पारख मात्र कठीण नाही. साच्यातून काढलेल्या बाहुल्यांचे चेहरे एकमेकींची नक्कल असतात. लिंडनच्या मऊ लाकडातून हाताने कोरलेला चेहरा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. जुन्या पद्धतीच्या बाहुलीच्या डोक्याला तार आणि हातापायांना दोऱ्या असतात. बाहुली जमिनीवर उभी करून चालवून पाहावी. सांधे नीट बसवलेले असतील आणि पायांत पुरेसे वजन असेल, तर पाऊल आपोआप पडते. नुसती शोभेची बाहुली लोंबकळत राहते.

हा आग्रह कशासाठी? या बाहुल्या चेक लोकांच्या भाषेच्या वाहक होत्या. हाब्सबुर्ग राजवटीत कचेऱ्यांत आणि प्रतिष्ठितांत जर्मनचा दबदबा असताना मात्येय कोपेत्स्की (१७७५–१८४७) यांच्यासारखे फिरते खेळिये गावोगाव चेक भाषेत खेळ करीत. पुढे योसेफ स्कुपा यांनी श्पेइब्ल आणि हुर्वीनेक ही पितापुत्रांची जोडी लोकप्रिय केली. नाझी अंमलात, १९४४ मध्ये, गेस्टापोने स्कुपांना अटक केली. लाकडी बाहुलीच्या तोंडचे शब्दही सत्ताधीशांना बोचतात, ते असे. कळसूत्री कलावंतांची ‘युनिमा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९२९ मध्ये प्रागलाच स्थापन झाली. २०१६ मध्ये युनेस्कोने चेक आणि स्लोव्हाक बाहुलीकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आपल्याला हे परके वाटू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यानपिढ्या सांभाळल्या आणि रामायण-महाभारतातील कथा लोकांपुढे मांडल्या. त्या कार्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कुडाळ गोव्याहून दूर नाही; तरीही प्रागच्या बाहुलीचे छायाचित्र घरी असणाऱ्यांपैकी किती जणांनी पिंगुळीचा खेळ पाहिला असेल?

खरेदीला माझा विरोध नाही. कारागिराला गिऱ्हाईक हवेच. नुसत्या गौरवाने त्याची चूल पेटत नाही. मात्र दुकानात दोन प्रश्न अवश्य विचारावेत: ही कोणी कोरली, आणि ही चालते का? उत्तर समाधानकारक मिळाले, तर किमतीत फार घासाघीस करू नये. आणि त्याच संध्याकाळी एक खेळ पाहावा. खुंटीवरची बाहुली मुकी असते. तिला वाणी येते ती सूत्रधाराच्या हाती गेल्यावरच.