प्राध्यापकांना ग्रंथालय शिकवणे हे चळवळीचेच काम आहे

"या विषयावर साहित्यच उपलब्ध नाही. तू विषय बदल."

आमच्या अभ्यासगटातल्या एका मुलीला तिच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडमनी हे सांगितले आणि ती संध्याकाळी आमच्याकडे येऊन गप्प बसून राहिली. विषय होता महार वतनाच्या जमिनींचा. 1958 च्या कायद्याने ही वतने रद्द झाली, जमिनी नव्याने शर्तींवर दिल्या गेल्या. पुढे त्या कुणाच्या ताब्यात राहिल्या आणि कुणाच्या हातून गेल्या, हे तिला शोधायचे होते. तिच्या आजोबांच्या नावावर अशीच एक जमीन होती. घरातली ती पहिली पदवीधर. तिच्यासाठी हा नुसता विषय नव्हता.

आमच्यातल्या काहींचे डोके लगेच तापले. यात जातीयवाद आहे, मुद्दाम विषय मारला जातोय, उद्याच प्राचार्यांना निवेदन द्यायचे, असे ठरूही लागले. निवेदनाचा मसुदा रात्री दहापर्यंत तयार झाला. तेवढ्यात गटातल्या एका दादाने साधा प्रश्न विचारला, "साहित्य खरंच आहे का, हे आपण तरी बघितलंय का?"

आम्ही बघितले नव्हते. मग बघायला बसलो.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते. ती भाषणे महाराष्ट्र शासनाने छापलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या दुसऱ्या खंडात आहेत आणि हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. 'शोधगंगा'वर वतनाशी संबंध असलेले प्रबंध निघाले. इंग्रजी नियतकालिकांतले लेखही दिसले, पण ते उघडायला पैसे मागत होते. पहाटेपर्यंत दोन पाने भरून नोंदी झाल्या. साहित्य उपलब्ध होते. मॅडमना ते दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कळले ते आणखी अस्वस्थ करणारे होते. त्या कॉलेजने 'एन-लिस्ट'ची वर्गणी भरलेली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गांधीनगरची 'इन्फ्लिबनेट' ही यूजीसीची संस्था कॉलेजांसाठी ही योजना चालवते. कॉलेज थोडीशी वार्षिक वर्गणी भरते आणि त्या बदल्यात प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना स्वतःचे लॉगिन मिळते. हजारो ई-जर्नल आणि लाखाच्या वर ई-पुस्तके घरबसल्या उघडतात. म्हणजे जे लेख रात्री आमच्याकडे पैसे मागत होते, त्यांतले काही मॅडमना फुकट वाचता आले असते. लॉगिनची यादी ग्रंथालयाच्या कपाटात एका फाइलीत होती. ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून ते पद रिकामे होते. फाइल कुठे आहे हे फक्त ग्रंथालयातल्या मामांना माहीत होते. ते आमच्याच वस्तीतले. मामा म्हणाले, "कुणी मागितलीच नाही, बाळांनो."

निवेदन खिशात ठेवून आम्ही मॅडमना भेटलो. भांडायच्याच तयारीने गेलो होतो. दोन पाने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, स्टाफरूमचे दार लोटले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी पीएच.डी. केली तेव्हा कार्डांचे ड्रॉवर होते. हे सगळं नंतर आलं. मला कुणी शिकवलं नाही आणि मला कुणाला विचारता आलं नाही."

या वाक्यापाशी आम्ही थांबलो. विचारता आलं नाही. ज्याला सगळे 'सर' म्हणतात, त्याने मामांना विचारायचे? विद्यार्थ्याला विचारायचे? आपल्या व्यवस्थेत शिकवणाऱ्याचा मान हा त्याला सगळे येते या गृहीतकावर उभा आहे. ते गृहीतक टिकवण्यासाठी माणूस 'मला शोधता येत नाही' असे म्हणत नाही, 'साहित्य उपलब्ध नाही' असे म्हणतो. आणि त्याची किंमत मोजतो विद्यार्थी. ज्याच्या घरात कुणीतरी प्राध्यापक आहे, पुण्या-मुंबईत ओळखी आहेत, तो दुसरीकडून लेख मिळवतो. ज्याच्यामागे कुणीच नाही, तो विषय बदलतो. आपल्या किती पोरांनी असे विषय बदलले असतील, याची नोंद कुठल्याच ग्रंथालयात सापडणार नाही.

गटात यावर मोठा वाद झाला. एक बाजू म्हणत होती, यांना लाखाच्या वर पगार आहे, यांना फुकट शिकवायचे आपण का? शिवाय यातले किती जण आरक्षणाच्या विरोधात बोलतात ते आपल्याला माहीत नाही का? दुसरी शंका त्याहून रास्त होती. ग्रंथपालाचे पद भरणे ही संस्थेची आणि सरकारची जबाबदारी आहे. आपण जाऊन ते काम केले, तर रिकामे पद झाकले जाईल.

आमचे उत्तर असे होते. प्राध्यापकावर उपकार म्हणून हे करायचे नाही. त्याच्या हाताखाली आपली पोरे आहेत म्हणून करायचे. आणि पदाची मागणी सोडायची नाही. उलट मागणीला पुरावा जोडायचा. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. कोण आले, काय विचारले, काय अडले, कशाला ग्रंथपालच हवा होता, हे सगळे त्यात लिहिले. पुढे पद भरण्याचे निवेदन दिले तेव्हा त्या वहीच्या झेरॉक्स सोबत जोडल्या. नुसत्या घोषणांच्या निवेदनापेक्षा ते निवेदन टेबलावर जास्त वेळ राहिले, एवढे आम्ही पाहिले आहे.

चार शनिवार, दोन-दोन तास, ग्रंथालयातले दोन चालू संगणक. पहिल्या शनिवारी तीन प्राध्यापक आले. आधी लॉगिन. कुणाचा ईमेल जुना होता, कुणाचा पासवर्ड आलेला पण स्पॅममध्ये पडलेला. दोन तास यातच गेले. हसू नका. दरवाजा इतक्या छोट्या गोष्टींनी बंद राहतो.

दुसऱ्या शनिवारी शोधगंगा. 2009 च्या यूजीसी नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे आवश्यक केले. त्यातून उभ्या राहिलेल्या या भांडारात आज 5 लाखांहून जास्त प्रबंध आहेत, मराठीतलेही. प्रबंध प्रकरणवार फाइलींत असतात. आम्ही सांगितले, पहिले प्रकरण सोडा, आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. दुसऱ्याने पाच वर्षे घालून जमवलेली पुस्तकांची यादी तिथे आयती मिळते. चोरायची नाही, तिथून पुढे चालायचे.

याच शनिवारी एक गोष्ट घडली, जी आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. एक सर 'महार वतन' असे टाइप करून थांबले. थोडेच सापडले. आम्ही सांगितले, इंग्रजीत 'वतन' दोन तऱ्हांनी लिहितात, डब्ल्यूने आणि व्हीने, दोन्ही टाका. मग 'हेरेडिटरी ऑफिसेस' टाका, 1874 च्या कायद्याचे नाव ते आहे. मग 'इन्फिरिअर व्हिलेज वतन' टाका. सरांनी वर पाहिले. होय, 1958 च्या कायद्याच्या नावातच तो शब्द आहे. इन्फिरिअर, म्हणजे कनिष्ठ. जुन्या सरकारी अहवालांसाठी 'डिप्रेस्ड क्लासेस' टाकावे लागते, काही ठिकाणी 'अनटचेबल्स', काही ठिकाणी 'हरिजन'. 1935 च्या कायद्यापासून पुढे 'शेड्यूल्ड कास्ट्स'. 'दलित' हा शब्द टाकून 1920 चा इंग्रजी अहवाल सापडत नाही. आपला इतिहास ज्यांनी नोंदवला, त्यांनी तो स्वतःच्या शब्दांत नोंदवला. त्यांनी आपल्याला दिलेली नावे टाइप केल्याशिवाय ते कपाट उघडत नाही.

खोलीत कुणी काही बोलले नाही. मग मॅडमनी वहीत ते सगळे शब्द एकाखाली एक लिहून घेतले. तेव्हा आम्हाला कळले की ही एकतर्फी मदत नाही. संशोधनाची शिस्त त्यांच्याकडे होती, शब्द आमच्याकडे होते. हे शब्द आम्हाला कुठल्या अभ्यासक्रमाने दिले नव्हते. बाबासाहेबांचे खंड वाचून आणि घरातल्या म्हाताऱ्यांचे ऐकून ते आले होते. ग्रंथालयशास्त्राचा चांगला जाणकारही आपल्या विषयात इथे अडतो. म्हणून हे काम चळवळीचे आहे.

तिसऱ्या शनिवारी मात्र आमचीच परीक्षा झाली. एका सरांनी मोबाइलवर आमचे जयंतीचे पोस्टर काढले. त्यावर बाबासाहेबांच्या नावाने एक प्रसिद्ध वाक्य होते. सरांनी शांतपणे विचारले, "हे कोणत्या खंडात आहे? मला संदर्भ द्यायचाय." आम्ही शोधले. त्या दिवशी, नंतर आठवडाभर. सापडले नाही. कुठेतरी असेलही, पण आम्हाला दाखवता आले नाही. वर्षानुवर्षे आम्ही ते वाक्य भिंतींवर रंगवत होतो. साहित्य उपलब्ध नाही म्हणणाऱ्या मॅडम आणि संदर्भ न बघता वाक्य छापणारे आम्ही, यात फार अंतर नव्हते. आता आमच्या पोस्टरवर खंड आणि पान क्रमांक असतो. नसेल तर वाक्य छापत नाही.

ज्या माणसाच्या नावाने आपण बोलतो, तो माणूस कसा होता हे आठवा. 1917 साली लंडनहून परतताना त्यांनी जमवलेली पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. ते खचले नाहीत. 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले, 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि ग्रंथालयात बसून रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुरा केला. 1924 मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कामात वसतिगृहांबरोबर वाचनालयही होते. तळ्याच्या पाण्यासाठी लढणारा हा माणूस पुस्तकापर्यंतची वाटही तितकीच मोलाची मानत होता.

आज ती वाट वेगळ्या पद्धतीने अडते. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झाले. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपयांची तरतूद, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्था. पैसा जनतेचा गेला आहे. पण जर्नल विकत घेतले म्हणजे ते वाचले गेले असे होत नाही. कपाटातल्या फाइलीने आम्हाला हेच शिकवले. आणि जी विनाअनुदानित खासगी कॉलेजे या टप्प्याबाहेर आहेत, तिथेही आपली पोरे कर्ज काढून शिकत आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा मांडावाच लागेल.

चौथा शनिवार बनावट जर्नलांवर गेला. पैसे घेऊन चार दिवसांत शोधनिबंध छापणाऱ्यांचे दुकान जोरात आहे. नोव्हेंबर 2022 च्या यूजीसी नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. तरी 'छापावाच लागतो' असे सांगून पोरांना पैसे भरायला लावले जातात. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, तो लेखी मागा. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने जर्नलांची 'केअर' यादीही बंद केली. म्हणजे चांगले-वाईट ओळखण्याचा भार आता थेट प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांवर आला. संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का, त्यांना विचारा. मागचे अंक उघडून वाचा. परीक्षणाला किती दिवस लागतात ते पाहा. शिष्यवृत्तीचा हप्ता अशा दुकानात भरू नका.

शेवटी हिशोब मांडतो. तीन प्राध्यापकांनी सुरुवात झाली, शेवटच्या शनिवारी सात होते. एक सर मध्येच यायचे बंद झाले. ग्रंथपालाचे पद हे लिहीपर्यंत रिकामेच आहे. मामा आता लॉगिनची फाइल टेबलावर ठेवतात आणि आलेल्याला स्वतः उघडून दाखवतात, पण त्यांचा पगार परिचराचाच आहे. आमच्या मुलीचा आराखडा मंजूर झाला. विषय तोच, महार वतनाच्या जमिनी. मॅडमनी आता त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्यांना तो शब्दांचा कागद झेरॉक्स करून दिला आहे.

तुम्ही ज्या कॉलेजात आहात तिथे या आठवड्यात जाऊन विचारा. आपले कॉलेज एन-लिस्टचे सदस्य आहे का? लॉगिन कुणाकडे आहेत? किती प्राध्यापकांनी ते एकदा तरी वापरले? ग्रंथपालाचे पद भरलेले आहे का? उत्तरे लिहून ठेवा. मग तुमच्या मार्गदर्शकांशेजारी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, "सर, आपण मिळून बघू या."

निवेदन खिशात असू द्या. तेही लागणारच आहे.

जय भीम!